सायकल दिली, पंप न्हाई

आमच्या म्हाताऱ्यानं माजी सायकल मला न इचारता जावयाला दिऊन टाकली. ह्ये आधीच सांगतो, म्हंजी मी मधी मधी का तापतो त्ये तुमच्या ध्यानात यील. कुणी म्हणंल, बापाची चीज, बापानं दिली, तुजं काय गेलं रं ज्ञानू? आसं म्हणणाऱ्याच्या बुडाखालची सायकल एकदा काढून घ्या, आन् मग त्येला इचारा काय गेलं.

साल सत्तेचाळीस. लढाई सपून दोन वर्सं होत आली हुती तरी बाजारात टायर मिळंना, ट्यूब मिळंना, नवी सायकल तर सपनात बी मिळंना. आन् तसल्या दिसांत मलकापुरात माज्याकडं काळी कुळकुळीत विलायती सायकल. म्हाताऱ्यानं गुळाच्या पैशातनं घेतलेली, मान्य. पर तिला पुसली कुणी, तेल पाजलं कुणी, पावसाचं पोतं पांघरलं कुणी? म्या. दूध घालाया कराडला जायाचो ती सायकलीवर, आन् घंटीला कुणी पोरानं बोट लावलं तर त्येचा उद्धार करायचो ती बी सायकलीवरनंच.

समिंदराची टूम निघाली ती माज्याच डोक्यातनं. आमच्याकडं पाणी म्हंजी कृष्णा आन् कोयना. दोन्ही नद्या मोठ्या, पर दोन्हीचा पल्याडचा काठ दिसतो, आन् त्या काठावर धुणं धुणारी बाई कुणाची कोण त्ये बी वळखू येतं. ज्येचा पल्याडचा काठच दिसत न्हाई असलं पाणी एकदा डोळ्यांनी बघायचं, येवढं माज्या मनानं घेतलं हुतं. जेवताना तेच, वैरण कापताना तेच. का, म्हणून इचारू नगा. काय गोष्टींना का नसतं.

म्हणून ठरलं आसं, की वैशाखातल्या पुनवंला दिस बुडायच्या आधी निघायचं, चांदण्यात रातभर सायकली मारायच्या, पाटण, हेळवाक करत कुंभार्लीचा घाट उतरायचा, चिपळूण गाठायचं आन् सकाळच्या उन्हात गुहागरला समिंदरात. जाणार तिघं. मी, हवालदार हंबीरराव आन् सांगलीचा रायगोंडा.

हंबीरराव पलटणीतनं पेन्शनवर आलेला गडी. मिशीला तूप लावणारा. दोन डाव समिंदर वलांडून लढाईवर गेल्ता, आन् गावात त्येच्या समिंदराच्या गोष्टी आयकून पोरं म्हातारी होत आली. पर एक डाव मी त्येला खोदून इचारलं, तवा खरं भाईर आलं. जाताना आन् येताना दोन्ही डाव गडी जहाजाच्या पोटात बादली धरून वकत पडला हुता. समिंदर त्येनं बघितलाच न्हवता. "वास घेतलाय," म्हणला, "बघायचा ऱ्हायलाय."

रायगोंडा जैनाचा. सांगलीकडं त्येची पानमळ्याची शेती, आन् कराडात मामाचं कापडाचं दुकान, म्हणून त्यो सदा हिकडंच पडीक. सायकल त्येची आमच्यात सगळ्यात झ्याक, आन् अंगानं गडी पैलवान. पर एक मेख. दिस बुडाला की त्येच्या तोंडात अन्नाचा कण जात न्हाई, पाण्याचा घोट जात न्हाई. दिस हाय तवर जेवून घ्यायचं, त्येला त्ये अंथऊ म्हणत्यात. आता रातभर सायकल मारायची आन् रातभर उपाशी ऱ्हायाचं, ह्ये गणित हवालदाराला बसंना.

"तू मधीच झीट यीऊन पडलास तर तुला उचलायचा कुणी?" हवालदार म्हणला.

"मी न्हाई पडत ओ," रायगोंडा म्हणला. "तुमी रातभर खाऊन पडशीला. प्वाट भरलं की तुमाला झोप येतीय."

ह्ये खरं हुतं. हवालदाराला बसल्या जागी झोप यायची. तरी त्यो ऐकंना. रेशन किती घ्यायचं ह्येच्यावर दोघांची रोज जुंपायची. हवालदार म्हणायचा बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. रायगोंडा म्हणायचा, कांदा माज्या पिशवीला लागता कामा नये. हवालदार म्हणायचा, तू रातीचं खाणारच न्हाईस तर तुज्या मताला हितं इचारतंय कोण? रायगोंडा म्हणायचा, सकाळी समिंदराच्या काठाला मी काय वाळू खाऊ काय ओ? शेवटी दशम्या आन् गूळ ठरला. कांदा हवालदारानं आपल्या खिशातनं न्यायचा, आन् सगळ्यात मागं चालायचं, म्हंजी वास रायगोंडाकडं यायचा न्हाई.

तयारी म्हणाल तर आमी हवालदाराच्या गोठ्यात बसून करायचो. ब्रेकाची रबरं झिजलेली, नवी मिळायची न्हाईत. मग हवालदारानं आपल्या पलटणीतल्या बुटाचा तळवा कापला आन् त्येच्या चकत्या करून तिन्ही सायकलींना बसवल्या. "ह्या बुटानं बसऱ्याची वाळू तुडीवलीय," म्हणला, "घाट काय चीज हाय." सायकल थांबवली की जळक्या चामड्याचा वास सुटायचा, पर थांबायची, ह्ये म्हत्त्वाचं. धोतराचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून पायाला बांधाया सुतळ्या केल्या. रायगोंडानं मामाच्या दुकानातनं पाणी गाळायला फडकं आणलं.

एकदा मी इचारलं, "आन् येताना कसं?"

दोघं माज्याकडं बगाय लागली.

"घाट उतराय काय लागतंय ओ, नुस्तं बसायचं," रायगोंडा म्हणला.

"उतरायचं न्हाई इचारलं. येताना त्योच घाट चढाय लागंल, त्येचं काय?"

हवालदारानं मिशीवर हात फिरवला. "पलटणीत परतीचा हुकूम वरनं येतो," म्हणला. "आपुण जायाचं बघायचं." झालं. परतीचा इषय तिथं बंद. पुन्ना कुणी काढला न्हाई, मी बी न्हाई.

आता ह्येच्यात माज्या भणीचं लगीन आलं. मनू माज्याहून धाकटी, तोंडानं माज्याहून थोरली. तिला दिली कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकच्या अलीकडं एक वाडी हाय तिथं. नवऱ्याचं नाव अर्जुना. नाव अर्जुना, पर गडी आसा की चार माणसांत घसा खाकरायला बी लाजायचा. आमची एक आत्या त्याच खोऱ्यात दिलेली हुती. तिचं तोंड मला आठवत न्हाई, कारण ती म्हायारला आल्याचंच मला आठवत न्हाई. बैलगाडीनं दोन मुक्कामाची वाट. तिकडं दिलेली पोरगी म्हंजी कोयनेत टाकलेला दगड, आसं आमची आजी म्हणायची. पर तवा माज्या डोक्यात नुस्ता समिंदर. मनूचं लगीन पुनवंच्या आधी उरकतंय, येवढंच म्या बघितलं, आन् बरं वाटलं.

त्या दिशी मी चाक पुसत बसलो हुतो. म्हातारा आला, सायकलीच्या सीटवर हात ठेवला आन् म्हणला, "ज्ञानू, ही आता घासू नगंस. अर्जुनाला द्यायची हाय."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पर आमचा बा थट्टा करणाऱ्यातला न्हवं.

"आबा, हुंडा घ्यायचा न्हाई, द्यायचा न्हाई, पत्रीसरकारच्या वक्तापास्नं गावाचं ठरलंय," मी म्हणलं. लोकांना कायदा आठवतो त्यो आसाच, आपल्या शेपटीवर पाय पडला की.

"ह्यो हुंडा न्हवं. पोरीला दिलेली भेट हाय."

"मग गाय द्या. तांब्याचा हंडा द्या."

"गाय नगं म्हणत्यात. हंडा बी नगं म्हणत्यात. सायकलच पायजे."

"कोण नगं म्हणतंय?"

म्हाताऱ्यानं दाराकडं बघितलं. दारात मनू सूप घिऊन जोंधळं पाखडत बसली हुती. तिनं मान वर केली न्हाई. म्हातारा म्हणला, "म्हणत्यात," आन् निघून गेला. मी समजायचं त्ये समजलो. खोऱ्यातला त्यो घसा न खाकरणारा जावई, आतनं पक्का सायकलखाऊ निघाला. त्या दिसापास्नं मी त्येला नाव घिऊन हाक मारायची सोडली. सायकलखाऊच म्हणायचो. मनूच्या म्होरं बी म्हणायचो. ती नुस्ती माज्याकडं बगायची आन् सूप हापटायची. मला वाटायचं, नवऱ्याला नाव ठिवलं म्हणून राग आला. लगीन व्हायच्या आधीच फितूर झाली म्हणलं, वा.

गोठ्यात गेलो आन् दोघांना सांगितलं. हवालदार म्हणला, "तिघांची तुकडी दोघांची झाली." जसं काय मी रणात पडलो. मला लय वाईट वाटलं. टूम माजी, वाट म्या आखलेली, पाटणचा उतार कुटं, हेळवाकला पाणी कुटं मिळतं, त्ये म्या गाडीवानांना चहा पाजून इचारलेलं. आन् आता जाणार ही दोघं, एक झोपाळू आन् एक उपाशी.

रायगोंडा इचार करत बसला हुता. म्हणला, "तुमच्यात कानपिळी असतीय की ओ."

ज्येला म्हाईत न्हाई त्येला सांगतो. लगनात आक्षता पडल्या की नवरीचा भाऊ उठतो आन् नवऱ्याचा कान धरून पिळतो. माज्या भणीला नीट नांदव, न्हाईतर गाठ माज्याशी हाय, आसा त्येचा अर्थ. मग नवऱ्याकडची माणसं भावाला फेटा बांधत्यात, मान देत्यात, तवा त्यो कान सोडतो. मनासारखं मिळंपतोर सोडला न्हाई तर चालतं. उभ्या लगनात जावयाला हात लावायची परवानगी असलेला त्यो येकच माणूस.

"कान धरायचा," रायगोंडा म्हणला, "आन् फेटा नगं, सायकल द्या म्हणायचं. चार लोकांत न्हाई कसं म्हणतोय बगू की."

मी त्येला कडकडून मिठी मारली. जैनाचं डोकं ते. आपलंच देणं आपल्याच चालीनं परत आणायचं, आन् ती बी मानानं.

तवापास्नं समिंदराची तयारी बाजूला ऱ्हायली आन् कानाची सुरू झाली. हवालदार म्हणला, पकड नीट पायजे, पाळी धरली तर निसटंल, वरनं धरायचा, अंगठा आत. सराव करायला कान कुणाचा? हवालदाराचा कान पेन्शनीतला, त्येला दुखणं सोसंना. रायगोंडाचा धरला. त्यो बिचारा ओ ओ करत बसायचा आन् हवालदार म्होरं उभा राहून हुकूम सोडायचा, "पिळ. थांब. माग. पिळ." रायगोंडाचा मामा एकदा आत आला, भाच्याचा कान माज्या हातात बघितला, आन् काय बोलावं न सुचून तसाच भाईर गेला.

हळदीच्या दिशी मांडव पडला. मी वैरण टाकून आलो आन् बघतो तर मांडवाच्या मधोमध माजी सायकल उभी. हँडलाला झेंडूची माळ. घंटीला हळदकुंकू. चाकाच्या तारांतनं आंब्याची डहाळी ववलेली. आमच्या म्हातारीनं तिला ववाळलं बी हुतं. सायकल नवरीवानी दिसत हुती, आन् त्ये बघून माजं डोळं भरून आलं. काय केल्या थांबंनात. कोपऱ्यात उभा राहून मी धोतराच्या सोग्यानं डोळं पुसाय लागलो.

शेजारची बनुबाई हळद दळत हुती. तिनं जात्याचा खुंटा सोडला आन् सगळ्या बायकांना दाखवलं. "बघा गं, भावाची माया. भण जाणार म्हणून गडी माणूस कसा रडतोय."

बायकांनी तोंडाला पदर लावलं. म्या मनात म्हणलं, म्हातारे, भणीसाठी हितं रडतंय कोण. मनू पाटावर हळद लावून बसली हुती. तिनं माज्याकडं बघितलं, मग सायकलीकडं बघितलं. तिला बरोबर कळलं. तिनं तोंड फिरवलं.

मला आणखीच राग आला. मी सायकलीजवळ गेलो, तिच्या दांडीला अडकवलेला पंप उपसून काढला आन् कोटाच्या आत खुपसला. म्हाताऱ्यानं बघितलं.

"त्यो कुटं घिऊन चाललास?"

"सायकल दिली म्हणला हुता तुमी. पंपाचं बोलणं झालं न्हवतं."

म्हातारा चारचौघांत काय बोलणार. म्या म्हणलं, जाऊंदे सायकल खोऱ्यात. हवा गेली की बस म्हणावं खोऱ्यात तोंडानं फुकत.

दुसऱ्या दिशी लगीन. नवऱ्यामुलाच्या हातात कट्यार, टोकाला लिंबू टोचलेलं. माज्या कोटात पंप. मुठीचं टोक वर आलेलं बघून नवऱ्याकडचा एक म्हातारा मला म्हणला, "पावणं, हत्यार भाईर ठेवा." मी म्हणलं, "ह्ये हत्यार न्हवं, हवा हाय." त्यो लांब जाऊन बसला.

आक्षता पडल्या. वाजंत्री सुरू झाली, सनईवाल्यानं गाल फुगवलं. कुणीतरी हाळी दिली, कानपिळी, भाऊ कुटं हाय? मी उठलो. हवालदारानं लांबनं अंगठा आत घेऊन दावला. मी अर्जुनाच्या मागं गेलो आन् कान धरला तो वरनंच, शिकल्यावानी. पिळला. गडी कळवळला पर तोंडातनं आवाज न्हाई.

मी त्येच्या कानाजवळ वाकलो. वाजंत्री इतकी कडाडत हुती की बोललेलं आमा तिघांनाच, मला, नवऱ्याला आन् शेजारच्या मनूला, आयकू येत हुतं. म्हणलं, "फेटा नगं. सायकल द्या माजी."

अर्जुना म्हणला, "माजी न्हाई ओ ती. घ्या की. मला तर चालवाया बी येत न्हाई."

माजा हात ढिला पडला. महिनाभर ज्येच्या नावानं मी दात खाल्लं, त्येला सायकल मारता येत न्हवती.

"मग मागितली कशाला?"

"म्या न्हाई मागितली. सासऱ्यांनी दिली, न्हाई कसं म्हणू?"

"मग मागितली कुणी?"

"म्या," मनू म्हणली.

मुंडावळ्यांच्या आडनं, मान खाली घालून, व्हट न हालवता. नवरी लगनात बोलली ह्ये कुणाला कळायचं कारण न्हवतं. माज्या हातात कान तसाच.

"म्या मागितली आबांजवळ. गाय नगं, हंडा नगं, सायकल द्या म्हणलं."

"तुला कशाला सायकल?"

"आत्याला बघितलंय का कवा तू?"

माजी मान आडवी हालली.

"न्हाई बघितलंस," मनू म्हणली. "आजी मेली तवा आत्या आली ती तेरावं झाल्यावर, तवा तू रानात वस्तीला हुतास. बैलं नांगराला हुती. सुनंला म्हायारला धाडाया कोण बैलं सोडतंय दादा? दोन मुक्काम जायाचं, दोन मुक्काम यायाचं. सायकल असली तर एका दिसात हुतंय. ह्यास्नी येत न्हाई तर मी शिकवून घीन कुणाकडनं तरी. पर दारात असली तर पायजे. न्हाईतर मी बी तुला आठवायची न्हाई, आत्यावानी."

सनई थांबायला आली. मनू म्हणली, "आता सोड. कान तुटंल."

मी सोडला. नवऱ्याकडच्यांनी मला फेटा बांधला, गुलाबी, आखूड, डोक्याला पुरा न होणारा. मी काय बी मागितलं न्हाई. लोक म्हणली, भाऊ लय समजूतदार.

गोठ्यामागं हवालदार आन् रायगोंडा वाट बघत हुती. "मिळाली?" रायगोंडा आपला कान चोळत म्हणला.

"फेटा मिळाला."

"फेट्यावर बसून समिंदराला जाणार काय?" हवालदार म्हणला. "येवढा सराव केला त्येचं काय?"

"तुमी दोघं जावा," मी म्हणलं. "मी न्हाई यायचो."

दोघांनी लय समजावलं. हवालदार म्हणला, माज्या मागं कॅरेजवर बस. मी म्हणलं, तू मधीच झोपलास की दोघं बी कुंभार्लीच्या दरीत. खरं कारण त्ये न्हवतं. मला समिंदराचंच मन ऱ्हायलं न्हवतं. मनूनं जे सांगितलं त्ये डोक्यातनं जाईना. घरातली एवढी माणसं, एका बी माणसाच्या डोक्यात तिच्या यायचं आलं न्हवतं. तिच्या जायाचं मातर सगळ्यांनी केलं. आमी काय वेगळं केलं हुतं गोठ्यात बसून? जायाचं बघितलं.

उन्हं उतरली तवा वऱ्हाड निघालं. म्हातारी रडली, म्हातारा रडला, बनुबाई तर सगळ्यांत जास्ती. मी रडलो न्हाई. खांबाला टेकून उभा ऱ्हायलो. मनूची गाडी म्होरं, आन् गाडीच्या मागं आडवी बांधलेली माजी सायकल, वाळलेल्या झेंडूच्या माळंसकट. गाडी आगाशिवाच्या डोंगराकडं वळली. म्होरचं चाक हवंत मोकळं फिरत हुतं. मी चाकाकडं बघत हुतो, आन् माज्या बरगडीला काय तरी टोचलं.

पंप.

खोऱ्यात पंप मिळायचा न्हाई. हवा गेली की सायकल नुस्तं लोखांड. आन् मनू बसंल सूप घिऊन, आत्यावानी.

मी पळालो. फेटा सुटला, तो एका हातात धरला, पंप दुसऱ्या हातात. वाटेवरची माणसं बाजूला झाली. मागनं बनुबाईचा आवाज आला, पर काय म्हणली त्ये मला कळलं न्हाई. ढेकळात ठेचकाळलो, चप्पल गेली, तसाच पळालो. गाडीवानानं कासरा वढला. अर्जुना खाली उतरला. त्येचा कान अजून लालबुंद हुता. मला बघून त्येचा हात आपसूक कानावर गेला.

"कान न्हाई," मी म्हणलं. "पंप. सायकलीचाच हाय. रोज हवा बघायची. उन्हात ठेवायची न्हाई."

अर्जुनानं पंप दोन्ही हातांनी घेतला, परसाद घ्यावा तसा. "नागपंचमीपतोर शिकतो मी," म्हणला. "हिला म्हणालोय तसं."

तेवढ्या वाटंत बोलली बी हुती दोघं. मला त्येचा राग येईना. राग आणायचा म्हणून आणला तरी येईना.

मनूनं गाडीतनं डोस्कं भाईर काढलं. "तुजी समिंदराची वाट पाटणावरनंच जाती न्हवं?"

"जाती."

"हेळवाकावरनं?"

"व्हय."

"मग आमच्या दारावरनंच जाती की रं." मनू म्हणली. "पुनवंला हवालदाराच्या मागं बसून आमच्या दारापतोर ये. सायकल दारात लावून ठेवती, हवा भरून. तिथनं चढ आन् जा तुज्या समिंदराला. आन् येताना मला घिऊन चल. पाचपरतावणाला, पैल्यांदा म्हायारला न्यायाला, मुराळी म्हणून कोण येणार हाय, बैलं?"

गाडीवानांना चहा पाजून मी त्या वाटंवरचं पाणी कुटं, उतार कुटं, सावली कुटं, सगळं इचारलं हुतं. त्या वाटंवर माज्या भणीचं घर असणार हाय, ह्ये मला इचारायला सुचलं न्हवतं. मी गाडीचं चाक धरून उभा ऱ्हायलो आन् रडलो. चांगला हुंदके दिऊन रडलो, गडी माणसाला शोभत न्हाई तसा.

"आता कशाला रडतूस?" मनू म्हणली. "सायकल मिळाली न्हवं?"

"गप बस," मी म्हणलं.

गाडी गेली. परत आलो तर बनुबाई येशीत उभी. "बघा गं," म्हणली, "भावाची माया." आदल्या दिशी मनातल्या मनात तिला जे सुनावलं त्ये आज सुनवता येईना. लबाड म्हातारी, दोन्ही डाव तेच बोलली, आन् बरोबर एकदाच ठरली.

पुनवंच्या दिशी उन्हं कलली तवा गोठ्यात पिशव्या बांधाया बसलो. दशम्या झाल्या, गूळ झाला, पाण्याचं फडकं झालं. हवालदारानं कांदं खिशात भरलं, रायगोंडा लांब सरकून बसला. मी आईची जुनी वाकळ आणली, चौघडी घातली आन् पिशवीच्या वर ठेवली.

"हे काय?" हवालदार म्हणला. "समिंदराच्या काठाला झोपणार हायस?"

"झोपाळू तू. ही येताना लागंल. कॅरेजवर टाकायला."

"कुणाला?"

"मनूला. पाटणची सडक सगळी खड्ड्याची हाय. तिला हाडं लागतील."

नव्या नवरीला सायकलीवर बसवून आणणार, म्हंजी गाव काय म्हणंल, त्ये हवालदाराच्या तोंडावर आलं हुतं. पर त्येनं त्ये गिळलं. मिशीवर हात फिरवला.

"म्हंजी परतीचा हुकूम आला म्हण की."

"आला," मी म्हणलं.

रायगोंडा उठला, खिशातनं सुतळी काढली, वाकळंला आडवी उभी गाठ मारली आन् हिसका दिऊन बघितली. मग दिस कुटवर आलाय त्ये बघून त्यो अंथऊ करायला मामाकडं गेला.